लाल डोळ्यांच्या स्किंकला बारा महिने आषाढ लागतो

प्रश्न निपाणीहून आलाय. विचारणारा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातला त्याचा मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना आपल्याकडची लाल डोळ्यांची क्रोकोडाइल स्किंक, म्हणजे सापसुरळीच्या जातीतला एक परदेशी प्राणी, याच्या हवाली करून गेला. तीन आठवडे झाले. ती दिवसभर दिसत नाही, घातलेले किडे तसेच राहतात, हातात घेतली की पाय ताठ करून मेल्यासारखी पडते. काचेच्या टँकमध्ये खाली लाकडाचा भुसा आहे, वर जाळीचं झाकण, कोपऱ्यात पिवळा बल्ब. आणि आईचं रोजचं एकच, "ही सापसुरळी कशाला आणलास घरात?" मुलाला दोन गोष्टी हव्यात: ती आजारी आहे का, आणि आपल्या हवेत ती जगेल का.

जगेल की. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा प्राणी चांगला राहतो, हे मी सोळा वर्षं सरपटणारे प्राणी सांभाळून सांगतोय. पण आत्ता आहे त्या टँकमध्ये ती जगणार नाही. भुसा, उघडी जाळी आणि बल्ब या तिघांनी मिळून तू तिचं वाळवण घातलंयस. बल्ब आत्ता बंद कर, जाळीचे चारपैकी तीन भाग झाकतील अशी काच नाहीतर जाड प्लॅस्टिक टाक, आत पाण्याचा पसरट परळ ठेव आणि मग पुढचं वाच.

आधी ती कुठली हे समजून घे, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. हिचं शास्त्रीय नाव ट्रायबोलोनोटस ग्रॅसिलिस. नेली द रोय या डच प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी 1909 साली तिचं वर्णन केलं. मूळ मुलूख न्यू गिनी. विषुववृत्ताच्या जवळ असल्यानं तिथं वर्षभर दिवस साधारण बारा तासांचा आणि ऊन-थंडीचा फरक फार नाही. जंगलाच्या तळाशी, कुजक्या पानांखाली, ओढ्याच्या काठानं ती राहते. नारळीच्या बागांत सोडणांचे ढीग लावून ठेवलेले असतात, त्यांच्या आतल्या ओलाव्यातही ती सापडते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 20 ते 25 सेंटिमीटर, अंगानं काळपट तपकिरी, पाठीवर काट्यांच्या चार रांगा, मोठं तिकोनी डोकं आणि मोठी झाली की डोळ्याभोवती नारिंगी कडं. पिल्लांना हे कडं नसतं.

आपल्या बांधावरची सापसुरळी हिच्याच घराण्यातली, पण दोघींचा स्वभाव उलटा. आपली सापसुरळी सकाळी ऊन पडलं की दगडावर येऊन अंग शेकते, तुळतुळीत चमकते, चाहूल लागली की गवतात सुळकन जाते. तुझी स्किंक ऊन टाळते. दिवसभर मातीत किंवा सालीखाली दडून राहते, दिवेलागणीनंतर बाहेर येते, जमिनीवर हळूहळू फिरते आणि पाण्यात बसते. ज्यांनी ज्यांनी हिला सरड्यासारखी म्हणून ठेवली, बल्बखाली बसवली, कोरडं ठेवलं, त्यांच्याकडे ती फार दिवस राहिली नाही. तेव्हा ती दिवसा दिसत नाही यात काहीही बिघडलेलं नाही. दिवसा उघड्यावर पडलेली दिसली असती तर मी काळजी केली असती.

माणसं पहिल्यांदा तापमान विचारतात. मी पहिल्यांदा ओल विचारतो. तिच्या मुलखात बारा महिने आषाढ असतो. आपल्याकडे तो दोन-तीन महिने येतो आणि जातो. तुला करायचं आहे ते एवढंच, की त्या दोन-अडीच फुटांच्या पेटीत आषाढ वर्षभर टिकवायचा, आणि तोही नुसता दमट न ठेवता वारा खेळता ठेवून.

हे मी एका चुकीतून शिकलो. माझ्याकडची पहिली स्किंक आली त्या वर्षी एप्रिलमध्ये खानापूरला घरचं लग्न होतं. चार दिवस घर बंद. मी टँकमध्ये पाणी भरून, किडे घालून गेलो आणि खोलीला वारा लागावा म्हणून छताचा पंखा बारीक करून ठेवला. झाकण पूर्ण जाळीचं होतं. परत आलो तेव्हा वरची माती पापडासारखी उचलून येत होती आणि ती पाण्याच्या भांड्यात नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून बसली होती. भांड्यात बोटभर पाणी उरलं होतं. ती वाचली. पण पुढची कात बोटांवर अडकली, एकावर एक दोन थर चढले, रक्त अडलं आणि डाव्या पुढच्या पायाची दोन बोटं पेरापासून गळाली. नंतर ती नऊ वर्षं माझ्याकडे राहिली. त्या पायाकडे बघितलं की मला तो पंखा आठवायचा.

आता टँक. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच एवढा एका प्राण्याला बरा. काच चालेल. झाकणाचे चारपैकी तीन भाग काचेचे आणि एक भाग जाळीचा. तळाला बोटभर जाडीचा खडीचा थर, त्यावर मच्छरदाणीची जाळी, आणि मग चार-पाच इंच माती. जास्तीचं पाणी खडीत उतरतं आणि वरच्या मातीचा चिखल होत नाही. मातीसाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), एक भाग चाळलेली लाल माती आणि ओंजळभर कुजलेली पानं. आपल्या भागातली काळी माती घेऊ नको. ओली असली की ती पायाला चिकटते, वाळली की भेगाळते. लाल माती खानापूरकडची मिळाली तर उत्तम. कोकोपीटची वीट घेतलीस तर ती भिजवून, पिळून, पाणी टाकून दे आणि हे तीनदा कर, कारण काही विटांमध्ये क्षार राहिलेले असतात.

मातीत किती पाणी घालायचं हे मापानं सांगता येत नाही, हातानं कळतं. मूठभर माती घे आणि दाब. लाडू वळला पाहिजे आणि मूठ उघडल्यावर तो तसाच राहिला पाहिजे. लाडवातून पाण्याची धार निघाली तर ओल जास्त. लाडू फुटला तर कमी. तळहात गार वाटला आणि एखादा थेंब बोटांच्या बेचक्यात दिसला की बरोबर. हे रोज संध्याकाळी टँकच्या दोन्ही टोकांना करून बघ. महिन्याभरात हाताला सवय होते.

मातीवर दोन बोटं उंचीचा पालापाचोळा. आंबा, फणस, जांभूळ यांची वाळलेली पानं चांगली, लवकर कुजत नाहीत. पण ती कुठून आणतोस ते बघ. ऊस, भाजीपाला किंवा तंबाखूच्या रानाच्या कडेची पानं आणू नको, तिथं फवारणी झालेली असते. आणि तू निपाणीचा आहेस म्हणून वेगळं सांगतो. घरात किंवा वखारीत तंबाखू हाताळली असेल तर टँकमध्ये हात घालण्याआधी साबणानं दोनदा धू. निकोटीन हे मुळात किडे मारणारं विष आहे. किड्यालाही लागतं आणि किडा खाणाऱ्या जिवालाही.

लपायला सोडण दे. नारळ सोलणाऱ्याच्या दुकानामागे ढिगानं पडलेलं असतं, फुकट मिळतं. पिकल्या नारळाचं वाळलेलं सोडण घे, दोन दिवस पाण्यात भिजव, उकळत्या पाण्यातून काढ, आणि पोकळ बाजू खाली करून मातीत अर्धं रोव. असे तीन-चार तुकडे एकमेकांना लागून ठेवलेस की आत बोगदा तयार होतो. माझ्याकडच्या सगळ्या स्किंक विकतच्या गुहा सोडून सोडणात गेल्या. जिथं नारळ सोलतात तिथंच राहणारा हा जीव आहे.

पाण्याला खानापूरच्या कुंभाराकडचा पसरट परळ. खोली तिच्या खांद्यापर्यंत, आत एक दगड म्हणजे चढउतार सोपी होते. ती त्यातच बसते आणि त्यातच घाण करते, म्हणून पाणी रोज बदलायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. नळाचं पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत काढून ठेव.

ओल मोजायला डिजिटल हायग्रोमीटर घे, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नको. स्वस्तातली यंत्रं दहा-पंधरा टक्के चुकतात. तपासायची सोपी रीत आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घे, त्यात चार थेंब पाणी घालून ओलसर कर, पण विरघळवू नको. ते झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेव. रात्रभर राहू दे. सकाळी आकडा 75 आला पाहिजे. 68 दाखवला तर तुझं यंत्र 7 कमी दाखवतं, तेवढं धरून चाल. टँकमध्ये 70 च्या खाली येऊ द्यायचं नाही. 75 ते 90 मध्ये ती आरामात असते.

तापमान दिवसा 24 ते 27, रात्री 20-21 पर्यंत उतरलं तरी चालतं. 30 च्या वर गेलं की धोका सुरू. आता आपलं वर्ष कसं जातं ते बघू, कारण खरी कसरत तिथंच आहे.

मार्च ते मे हा सगळ्यात अवघड काळ. निपाणीत दुपारी पारा पस्तिशी ओलांडतो आणि हवा कोरडी. माझ्या घरात एप्रिलच्या दुपारी 28 टक्के ओल मी स्वतः बघितली आहे. या दिवसांत टँक स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर ठेवायचा नाही. कौलारू माजघर असेल तर तिथं ठेव, नाहीतर तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, जमिनीलगत, उत्तरेच्या भिंतीला. झाकणाच्या जाळीवर गोणपाटाची ओली पट्टी टाक, सकाळी आणि दुपारी भिजव. पंख्याचा किंवा कूलरचा झोत टँकवर येता कामा नये. फार तापलं तर पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून झाकणाच्या काचेवर ठेव, आत नको. खिडकीतलं ऊन काचेच्या टँकवर अर्धा तास पडलं तरी आतला प्राणी भाजून निघतो. ऊन सरकत सरकत तीन वाजता कुठं येतं, हे सुट्टीच्या दिवशी बसून बघ आणि मगच जागा पक्की कर.

जून ते सप्टेंबर लोकांना वाटतं आता काळजी नाही. ओलीची नसते, पण कोंदटपणाची असते. खानापूरच्या घाटाकडच्या जांबोटी-कणकुंबीत राहणाऱ्यांच्या तर भिंतींना बुरशी येते, मग टँकचं काय! पावसाळ्यात पाणी फवारणं जवळजवळ बंद कर, झाकणाची काच सरकवून अर्धी बाजू जाळीची ठेव, पानांचा वरचा थर आठवड्यानं हलव. नाक हा इथला सगळ्यात चांगला मापक आहे. झाकण उघडल्यावर वळवाच्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला पाहिजे. आंबूस किंवा गटारीसारखा आला तर मातीत हवा नाही, लगेच अर्धी माती बदल. पोटाच्या खवल्यांवर पाणी भरल्यासारखे फोड किंवा तपकिरी डाग दिसले तर ते सतत चिखलात बसल्यानं होतं. अशा वेळी तिला ओल्या कागदी रुमालावर, स्वच्छ डब्यात ठेवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं.

नोव्हेंबर ते जानेवारी रात्री पारा 14-15 वर येतो. तेव्हा उष्णता लागते, पण बल्बची नको. बल्ब उजेडही देतो आणि मातीही वाळवतो. टँकच्या बाहेरून, एका बाजूच्या काचेला हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लाव आणि ती थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या यंत्रावर, 24 ला ठेव. थर्मोस्टॅटशिवाय लावू नको. टँकच्या खाली लावू नको, कारण ही स्किंक उकाडा टाळायला माती उकरून खाली जाते आणि खालीच तापलेलं असलं तर तिला सुटका नाही. लाईट गेली तर टँकभोवती घोंगडी गुंडाळ, काचेला लागून गरम पाण्याची बाटली ठेव. चार-पाच तास निभावतात.

उजेडाला साधी एलईडी बारा तास पुरे. सोबत सौम्य यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) असली तर हाडांना बरं, पण ती जाळीच्या बाजूला लाव. काचेतून यूव्हीबी जात नाही.

आता खाण्याचं. तीन आठवडे खाल्लं नाही म्हणतोस, त्यात मला पहिलं कारण भीती दिसतं. पुण्याहून प्रवास, नवीन जागा, कोरडा टँक, डोक्यावर दिवा आणि रोज हातात घेणं. हातात घेणं आजपासून बंद. ती जी मेल्यासारखी पडते ते तिचं शेवटचं हत्यार आहे. पळायला जागा नाही असं वाटलं की ती निपचित पडते, आणि तेवढ्यानंही सुटका झाली नाही तर ओरडते. सरड्यासारखा दिसणारा प्राणी आवाज काढतो हे ऐकून लोक दचकतात. लहान कुत्र्याच्या पिल्लानं एकदाच केकाटावं तसा तो बारीक, तीव्र आवाज असतो. मित्रांना दाखवायला म्हणून तो आवाज काढून घेऊ नको. दर वेळी ती खरोखरच मरणाच्या भीतीनं ओरडत असते.

टँकच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद चिकटव. समोरची बाजू तुला बघायला. अंधार पडल्यावर अर्ध्या तासानं गुळगुळीत काठाच्या पसरट वाटीत चार-पाच छोटे रातकिडे ठेव, मागचे पाय काढलेले, म्हणजे उडी मारून जात नाहीत. वाटी सोडणाच्या तोंडाशी ठेव आणि खोलीतून बाहेर जा. सकाळी मोज. मोजल्याशिवाय खातेय का नाही हे कळत नाही, कारण किडे मातीतही शिरतात.

रातकिड्यांपेक्षाही ओढून घेणारं खाणं म्हणजे गांडूळ. परसातलं, खत-औषध न मारलेल्या जागेचं, धुवून, बोटाच्या पेराएवढा तुकडा. ज्या स्किंकनी आठ-आठ दिवस तोंड लावलं नव्हतं त्यांनी माझ्याकडे गांडुळानं सुरुवात केली आहे. गांडूळखताच्या पिशवीतली लाल गांडुळं मात्र देऊ नको. ती दाबली की पिवळट, उग्र वासाचा रस सोडतात, बरेच प्राणी ती थुंकून टाकतात आणि मग गांडुळालाच नाक मुरडतात. कुंडीखाली सापडणारे, हात लावला की गोळी होणारे राखाडी किडे टँकमध्ये सोडून दे. ते पाला आणि विष्ठा खाऊन माती साफ ठेवतात आणि तिला अधूनमधून घासही होतात. मीलवर्म, म्हणजे पिठातल्या किड्याची अळी, आठवड्यातून एखाद-दुसरा. घरातलं झुरळ कधीच नाही, कुणाच्या स्वयंपाकघरात काय जेल लावलंय सांगता येत नाही.

किड्यांवर कॅल्शियमची भुकटी लावायची. आयती भुकटी मिळाली नाही तर काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो खवणीवर घासून मैद्यासारखा वस्त्रगाळ करून वापर. त्यात डी3 जीवनसत्त्व नसतं, म्हणून यूव्हीबी ट्यूब नसेल तर आठवड्यातून एकदा डी3 असलेली भुकटी आणावीच लागेल. एकदा एका मुलानं पानाला लावायचा चुना किड्यांना लावला होता. चुना म्हणजे कॅल्शियमच की, म्हणून. तो दाहक असतो, तोंड-घसा भाजतो. तसं करू नको.

वजनकाटा घे, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. दर रविवारी संध्याकाळी, झाकणाच्या डब्यात थोडी ओली पानं घालून डबा आधी तोल, मग ती आत गेली की पुन्हा तोल. हातात घ्यायचं हे एवढंच निमित्त. वहीत लिहून ठेव. तीन आठवडे न खाणं मोठ्या स्किंकला झेपतं, पण वजन सलग उतरत असेल, शेपटीच्या बुडाची हाडं वर दिसायला लागली असतील, तर थांबायचं नाही.

तेव्हा दुसरं कारण येतं ते जंत. या जातीचे बाजारात येणारे बरेच प्राणी जंगलातून पकडलेले असतात आणि पोटात जंत घेऊनच येतात. प्रवासाच्या ताणानं ते वाढतात. ताजी विष्ठा, चोवीस तासांच्या आतली, छोट्या डबीत घालून पशुवैद्याकडे ने. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघणारे, स्किंक त्यांनी बघितलेली नसते. पण विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जंतांची अंडी ओळखणं त्यांना येतं. आधी तेवढं मागून घे. औषध मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरला फोनवर विचारूनच ठरवायला सांग, तसा अनुभव पुण्या-गोव्याकडे शोधावा लागतो. ढोरांचं जंताचं औषध थेंबा-थेंबाच्या अंदाजानं कुणी देऊ केलं तर नको म्हण. चाळीस-पन्नास ग्रॅमचा जीवही नसलेल्या प्राण्याला एक थेंब फार असतो. माझ्या ओळखीतल्या एकाची स्किंक अशीच, चांगल्या हेतूनं दिलेल्या डोसानं दोन दिवसांत गेली.

आईचं म्हणणं उडवून लावू नको. आपल्याकडे सापसुरळीला सापाची मावशी म्हणतात, कन्नडमध्ये हावराणी म्हणतात, दोन्ही भाषांनी तिला सापाशीच जोडलंय. ती चावली तर माणूस वाचत नाही असं ऐकतच आपली आई-आजी वाढली. खरं म्हणजे जगातली एकही स्किंक विषारी नाही, बांधावरचीही नाही आणि तुझ्या टँकमधलीही नाही. आईला एकदा रात्री साडेआठला, लाल उजेडाच्या बारीक टॉर्चनं, लांबूनच दाखव. ती परळात हनुवटी टेकून बसलेली असते तेव्हा फार शांत दिसते. माझ्या आईचा विरोध असाच एका रात्रीत मावळला होता. पण आईची एक काळजी खरी आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. टँकची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायची नाहीत, हात दर वेळी साबणानं, आणि घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर टँक त्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी.

कागदांचं तू विचारलं नाहीस, पण ते सांगणं माझं काम आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 2022 मध्ये मोठी सुधारणा झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. सहा सूच्यांच्या चार झाल्या, आणि चौथ्या सूचीत साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातले परदेशी प्राणी आले. त्या सूचीतला प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर नोंद करायची, प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, मेला, सगळं कळवायचं, असे 2024 चे नियम आहेत. तुझी जात त्यात येते का हे विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर सोडू नको. भावाकडचं खरेदीचं बिल, आयातीचे किंवा पैदाशीचे कागद, आणि त्यानं तुला प्राणी दिल्याचं सहीचं पत्र घेऊन आपल्या भागाच्या वन कार्यालयात जा आणि उत्तर लेखी माग. पुण्याहून निपाणी म्हणजे राज्य बदललं. आपण कोल्हापूरला भाजीला जावं तसं जातो-येतो म्हणून ते जाणवत नाही, पण इथं वन विभाग कर्नाटकाचा आहे. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलास तर काम लवकर होतं. तुला लिहिता येत नसेल तर कॉलेजातला एखादा मित्र लिहून देईल.

आणि हिच्यावर जीव जडला म्हणून बांधावरची सापसुरळी पकडून जोडीला आणू नको. रानातला प्राणी रानातच राहू दे. तसंच कधी सांभाळणं जमेनासं झालं तर हिला तिकडे नेऊन सोडूही नको. खानापूरच्या ओल्या जंगलात ती कदाचित जगेलही, आणि तीच भीती आहे. तिच्या पोटातले परके जंत आपल्या सापसुरळ्यांना, बेडकांना लागले तर ते परत गोळा करता येत नाहीत. खानापूरकडच्या भीमगड अभयारण्यात असे जीव आहेत जे जगात फार थोड्या ठिकाणी उरलेत. जमलं नाही तर मला कळव, मी ठेवून घेईन.

जोडी करायची का, हे सगळे विचारतात. आत्ता नाही. आधी ही खाऊ दे. दोन नर एका टँकमध्ये भांडून एकमेकांना जखमी करतात, आणि तुझी नर आहे की मादी हेच अजून माहीत नाही. वजन करताना डब्याच्या पारदर्शक तळातून मागचे पाय बघ. मधल्या दोन बोटांखाली फिकट, उंच ठिपके दिसले तर नर. मादी एका वेळी एकच अंडं घालते, दोन-अडीच महिने त्याच्यापाशी राहते, शेपटी आणि अंग त्याभोवती वळवून. माझ्याकडे सोडण उचलताना एकदा एक मादी तशी दिसली. एरवी हात लागला की निपचित पडणारी तीच, त्या दिवशी तोंड वासून माझ्या बोटावर धावून आली. मी सोडण होतं तसं ठेवलं आणि दोन महिने त्या कोपऱ्याला हात लावला नाही.

तू आज भुसा काढ. कोकोपीट भिजत घाल. सोडण उद्या नारळ सोलणाऱ्याकडून आण. चौथ्या दिवशी अंधारात गांडुळाचा एक तुकडा ठेवून बघ, आणि रविवारचं वजन मला कळव.